डोंगरी डुकरिणीची गोरी लेक

मी एक जुनी डोंगरी डुकरीण आहे. हे वाचताच तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. खुशाल मुरडा. माझे नाक तुमच्या नाकाच्या चौपट लांब आहे आणि ते मी आजवर कोणाला पाहून मुरडलेले नाही. माणसे एकमेकांवर चिडली की आमचे नाव घेतात, हेही मला ठाऊक आहे. एकदा आमच्या फाटकापाशी एका ड्रायव्हरने दुसऱ्याला रागाने "ए डुकरा!" अशी हाक मारली, तेव्हा शेडमधल्या आम्ही चौदाजणी धावत गेलो होतो. आम्हाला वाटले, खाणे आले.

मित्रांनो, माझा जन्म डोंगरावरच्या वराहपालन केंद्रात झाला. रस्ता जिथे संपतो तिथे आमचे फाटक आहे. खालून येणारा माणूस गाडीतून उतरतो, चार पावले चालतो आणि फाटकाजवळची दगडी भिंत धरून धापा टाकू लागतो, कारण इथली हवा विरळ आहे. भिंतीचा तेवढा भाग हात लागून लागून गुळगुळीत झाला आहे. आमची राखण करणारी काकी म्हणते, "भिंत धरल्याशिवाय पाहुणा आत येत नाही." काकी स्वतः मात्र दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चढावर गाणे म्हणत जाते. ती इथलीच, माझ्यासारखी.

दिसायला मी काही देखणी नाही. अंग काळे, केस राठ, पाय आखूड. आमच्या जातीची पिल्लेही थोडी होतात, पाच नाहीतर सहा, आणि वाढायला वेळ घेतात. पण चढण्यात आमचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकत नाही. शेडच्या वर तीन वळणांची पायवाट आहे. ती थेट माथ्यावरच्या कुरणात जाते. तिथली कंदमुळे उकरायला आमचा कळप रोज सकाळी जातो. कळपाच्या पुढे जी चालते तिच्या गळ्यात काकी पितळेची घंटा बांधते, आणि घंटा ज्या वाटेने वाजते त्या वाटेने बाकीच्या मुकाट चालतात. सहा वर्षे ती घंटा माझ्या गळ्यात होती. धुके इतके दाट पडायचे की स्वतःचे नाक दिसू नये, तरी माझ्या मागची एकही डुकरीण कधी कड्यावरून घसरली नाही. काकी माझ्या कानामागे खाजवून म्हणायची, "हिच्या भरवशावर मी डोळे मिटून चालीन." अशी शाबासकी मिळाली की मला दिवसभर खाण्याचीही आठवण राहत नसे. बरे, थोडी राहत असे.

मग एके वर्षी केंद्राच्या साहेबांनी खालच्या मुलखातून सहा पांढऱ्या डुकरिणी आणवल्या. साहेब खाली राहायचे, आठवड्यातून एकदा वर यायचे, भिंत धरायचे, हुकूम सोडायचे आणि उतरून जायचे. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. पांढऱ्या डुकरिणी मात्र खरोखर रुबाबदार होत्या. माझ्या दुप्पट लांब, गुलाबी कानांच्या, एका वेळी दहा-बारा पिल्ले देणाऱ्या. आम्ही सगळ्या कुंपणाला नाके लावून त्यांच्याकडे पाहत राहिलो. आठवडाभरात त्यांचा रुबाब उतरला. त्या उभ्या राहून धापा टाकू लागल्या, खाणे पुढ्यात असून तोंड लावेनात. शेवटी त्यांना परत खाली पाठवायचे ठरले. पण त्यांतली एक, गाडी येण्याआधीच, व्यायली आणि चौथ्या दिवशी मेली. तिच्या नऊ पिल्लांपैकी आठ एकामागून एक गेली. एकच उरले.

त्याच आठवड्यात मी पाच पिल्लांची आई झाले होते. काकीने ते पांढरे पिल्लू माझ्या अंगाखालच्या ओल्या गवतात नखशिखांत घोळवले, म्हणजे त्याला माझा वास लागावा, आणि माझ्या पोटाशी ठेवले. आमच्या डोंगरावरच्या राखणदारांची एक जुनी समजूत आहे. वरचे दूध प्यायलेले पिल्लू वरचेच होते, असे ते म्हणतात. मग ते कुठलेही असो, हवा त्याला बाधत नाही. काकीच्या सासूने तिला हे सांगितले होते आणि सासूला तिच्या सासूने. काकी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पाज गं बाई. तुझं दूध पोटात गेलं की ही तुझीच."

मी तिला हुंगले. वर वास माझा होता आणि खाली परक्याचा. डुकरिणीला एवढे कळते. पण ती इतकी गार पडली होती, आणि इतक्या विश्वासाने माझ्या पोटात तोंड खुपसत होती, की मी सरकून तिला जागा करून दिली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे मला तेव्हा करता आले असते. मी केले नाही, याचे आजही समाधान वाटते. काकीने तिचे नाव गोरी ठेवले.

गोरी जगली. साहेबांना हे कळल्यावर ते भलतेच खूश झाले. म्हणाले, "काकी, हे जमलं तर पुढच्या वेळी पन्नास गोरी पिल्लं आणतो. एकेकीच्या पोटाशी दोन दोन लावा." काकीही हुरळली. आयुष्यात प्रथमच कोणी साहेब तिच्या सासूच्या बोलण्याला मान देत होता.

पण चढावर गोरी मागे पडू लागली. माझी पाच काळी कार्टी पहिल्या वळणावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायची आणि ही पहिल्याच वळणावर बसकण मारायची. मला राग यायचा. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी तिच्या मागे जाऊन तिला नाकाने ढुशा द्यायची. माझे दूध प्यायली आणि बसते काय, असे मला वाटायचे. ती उठायची, दहा पावले चालायची, पुन्हा बसायची आणि माझ्याकडे पाहायची. तिला माझे मन राखायचे होते. एक गोष्ट मात्र माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. संध्याकाळी आम्ही उताराला लागलो की गोरी बदलायची. शेडच्याही खाली ओढा आहे, तिथे पाण्यावर गेलो की तिला भूक लागायची, ती शेपटी हलवायची, भावंडांचे कान ओढायची. मी ते पाहिले आणि सोडून दिले. वर चढण्याचा अभिमान असलेल्या बाईला उताराचे महत्त्व कसे कळावे?

गोरी पाच महिन्यांची झाली तेव्हा एक डॉक्टर बाई रक्त तपासायला आल्या. काकी त्यांना ताई म्हणायची. त्यांनी नेहमीप्रमाणे भिंत धरली, दम खाल्ला आणि मग एकेकीच्या कानाच्या शिरेतून थेंब थेंब रक्त घेतले. त्यांच्याजवळ हातात मावेल एवढे यंत्र होते. थेंब टाकला की त्यावर आकडा उमटायचा. रक्तात हवा वाहून नेणारा जो लाल पदार्थ असतो, त्याचा तो आकडा. माझा आकडा अकरा आला. माझ्या पोरांचाही अकरा-बाराच्या घरात. गोरीचा आला अठराच्या वर.

साहेब खुर्चीवरून उठलेच. "अठरा! काकी, बघितलंत? तुमच्या म्हातारीचं अकरा आणि हिचं अठरा. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची! पोरगी आईच्या पुढे गेली."

"दूधच तसं आहे साहेब," काकी म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गोरीच्या हिरड्या पाहिल्या. त्या लालच नव्हे, काळपट लाल होत्या. "एवढं कसं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "साहेब, मी नमुने खाली नेऊन नीट तपासते. तोपर्यंत हिला फार दमवू नका."

पण आनंदाच्या भरात असे बोलणे कोणाच्या कानात शिरते? ताई गेल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून मला लोहाचे औषध सुरू झाले. काळे, चिकट, गंजलेला खिळा चाटल्यासारखे. काकी माझा जबडा धरून ते ओतायची आणि म्हणायची, "रक्त कमी झालंय गं तुझं. वय झालं." मी खडखडीत बरी होते, पण यंत्राच्या आकड्यापुढे डुकरिणीचे कोण ऐकते? नावडतीचे मीठ अळणी, तसे माझे रक्त एका दिवसात पाणी झाले.

औषधाचे काही नव्हते. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येणार होते, आणि आमच्या साहेबांना वाटले की त्यांच्यापुढे कळप गोरीने न्यावा. काकीने माझ्या गळ्यातली घंटा सोडली. "रागावू नकोस," ती म्हणाली आणि तिने घंटा गोरीच्या गळ्यात बांधली. मी रागावले नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि त्या दिवशी खरोखरच जेवले नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी कळपाच्या शेवटी चालले. शेवटी चालणाऱ्याला फक्त ऐकू येते. माझ्या गळ्यात असताना घंटा कशी वाजायची ते मला पाठ होते. एकसारखी, न थांबता, माथ्यापर्यंत. गोरीच्या गळ्यात ती चार वेळा वाजायची आणि गप्प व्हायची. पुन्हा चार वेळा. पुढे पुढे तीनदाच, मग दोनदा. मध्ये जी शांतता असायची तिच्यात मला तिचा श्वास ऐकू यायचा. तो ओल्या फडक्यातून ओढल्यासारखा होता. घंटेचा माझा रुसवा केव्हा गेला ते मला कळलेही नाही. मी फक्त पुढची घंटा वाजण्याची वाट पाहत असायची.

पाहणीचा दिवस उजाडला. आदल्या दिवशीच वर येऊन राहिलेल्या आमच्या साहेबांनी आम्हाला लवकर बाहेर काढले. मोठे साहेब फाटकापाशी उतरले की त्यांना मान वर करताच तिसऱ्या वळणावर कळप आणि पुढे पांढरी गोरी दिसावी, असा त्यांचा बेत होता. आम्ही चढू लागलो. दुसऱ्या वळणावर घंटा एकदा वाजली. नंतर वाजलीच नाही.

मी कळपातून वाट काढत पुढे गेले. गोरी आडवी पडली होती. तिचे कान, ते गुलाबी कान, जांभळे झाले होते. काकी धावत आली. "ऊठ बाळा, थोडंच राहिलंय," ती म्हणाली. मागून साहेबांचा आवाज आला, "काकी, म्हातारीला सांगा ढुशी द्यायला! तिचं ऐकते ती!"

खरे होते. माझ्या एका ढुशीने ती उठली असती. चार पावले गेलीही असती. मी तिच्या तोंडाशी नाक नेले आणि मला तिचा ओढ्यावरचा चेहरा आठवला. पाण्यात पाय बुडवून भावंडांचा कान ओढणारी गोरी. मी वळले आणि उताराकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या गळ्यात घंटा नव्हती, तरी आख्खा कळप माझ्यामागे वळला. पायवाट अरुंद होती. चौदा डुकरिणी आणि त्यांची पोरे खाली निघाली म्हटल्यावर साहेबांना आम्हाला परत वळवायला जागाच उरली नाही. ते कडेला चिकटून कसेबसे गोरीपाशी पोचले.

"अहो, हे काय? उलट्या कुठे चालल्या?"

काकीने माझ्याकडे पाहिले. सहा वर्षे ती माझ्या भरवशावर चालली होती. तिने थंडीसाठी अंगाभोवती गुंडाळलेली गोणी सोडून जमिनीवर पसरली आणि म्हणाली, "साहेब, दुसरं टोक धरा. ही म्हणते खाली न्यायचं." साहेबांनी एकदा आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिले, मग गोरीच्या कानांकडे, आणि मुकाट्याने टोक धरले.

फाटकापाशी गाडी येऊन उभी होती. मोठे साहेब दोन्ही हातांनी भिंत धरून वाकले होते. त्यांच्याच गाडीतून ताई आल्या होत्या, कारण त्या दिवशी वर येणारी तेवढी एकच गाडी होती. गोरीला पाहताच त्या धावल्या आणि धापा टाकत गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली.

"हिला खाली न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता. मी तेच सांगायला आले होते."

"पण ताई, रक्त तर अठरा आहे हिचं!" काकी म्हणाली.

"अठरा म्हणजे ताकद नव्हे काकी. ती घाबरगुंडी आहे. हवा पुरेना म्हणून हिचं शरीर घाबरलं आणि लाल पेशी वाढवत सुटलं. रक्त दाट झालं. आता ते दाट रक्त फुप्फुसांतून ढकलताना हृदय थकलंय. अरुंद बोळात दहा हमाल पुरतात, तिथे शंभर घुसवले तर माल लवकर पोचेल का?"

"आणि म्हातारीचं अकरा?"

"तिला तेवढं पुरतं. तिची तब्येत आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे. तिच्या आज्या-पणज्या किती पिढ्या इथेच जन्मल्या. ज्यांना ही हवा मानवली नाही त्यांचा वंश राहिला नाही. ज्यांना मानवली त्यांचा राहिला. ते शरीराच्या जनुकांत लिहिलेलं असतं काकी. जन्माआधीच आईबापांकडून मिळतं."

काकीचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि दूध?"

"दुधानेच तर ती जगली. पण फुप्फुसं दुधातून देता येत नाहीत."

मित्रांनो, हे वाक्य मला फार लागले. माझ्या पाच कार्ट्यांनी काही न करता जे मिळवले होते, ते मी या पोरीला आठ आठवडे पाजूनही देऊ शकले नव्हते. वर तिला ढुशा दिल्या होत्या. पण त्याच वेळी छातीवरचा एक दगडही उतरला. माझी लेक आळशी नव्हती. ती रोज तिच्या ताकदीपलीकडचा डोंगर चढत होती आणि तोही माझ्यासाठी.

आमचे साहेब म्हणाले, "पण गाडी उद्या येईल. आज पाहणी..."

ताई मोठ्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, तुम्हाला आत्ता काय होतंय?"

"डोकं ठणकतंय," ते भिंत न सोडता म्हणाले. "छातीत धडधडतंय. कधी एकदा खाली जातो असं झालंय."

"हिलाही तेच होतंय. फक्त पाच महिने हिला सांगता आलं नाही."

मोठे साहेब भिंतीवरचा एक हात काढून गाडीकडे वळले. मग म्हणाले, "मागच्या सीटवर जागा आहे. उचला तिला. पाहणी झाली म्हणून लिहा."

अशी माझी गोरी मोठ्या साहेबांच्या गाडीतून, काकीच्या गोणीवर आडवी होऊन, डोंगर उतरली. आमच्या जातीत एवढा मान आजवर कोणाला मिळालेला नाही. काकीने निघताना तिच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली. मी फाटकाला नाक लावून उभी होते. गाडी रस्त्याच्या पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली, पण तिचा वास वाऱ्यावर थोडा वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

पुढचे वीस दिवस कसे गेले ते विचारू नका. औषध बंद झाले, घंटा माझ्या गळ्यात परत आली, काकी रोज कानामागे खाजवू लागली, पण माझे कशात लक्ष नव्हते. काकीचेही नव्हते. तिची धाकटी बहीण खालच्या केंद्रात कामाला होती आणि गोरी तिच्याचकडे होती. पण आमच्या डोंगरावर फोन लागणे म्हणजे बैलाने दूध देणे. एकविसाव्या दिवशी काकी स्वतःच खाली गेली.

ती परतली तेव्हा पहिल्या वळणापासूनच गाणे ऐकू येत होते. तिने फाटकही नीट लावले नाही. सरळ माझ्यापाशी आली. "जगली गं! खाते, पळते, माझ्या बहिणीची चप्पल पळवते. ताईंनी परत रक्त तपासलं, आकडा उतरलाय." असे म्हणून तिने तीच गोणी माझ्यापुढे टाकली. मी नाक खुपसले. त्या गोणीला गोरीचा वास होता. घाबरल्याचा आंबट वास नव्हता. पोटभर खाऊन, चिखलात लोळून, निवांत झोपलेल्या पोरीचा होता. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. मी त्या गोणीवर आडवी झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठले नाही. काकीने त्या दिवशी कळप स्वतः नेला.

पन्नास गोऱ्या पिल्लांचा बेत अर्थातच बारगळला. पांढऱ्यांनी खाली राहावे आणि आम्ही वर, असे ठरले. काकी आता नव्या राखणदारांना जुनी समजूत सांगते, पण तिला एक शेपूट जोडते. "वरचं दूध प्यायलेलं पिल्लू आपलंच होतं," ती म्हणते, "पण राहायचं कुठे ते त्याच्या श्वासाला विचारायचं."

आता मी खरोखर म्हातारी झाले आहे. दात झिजले, घंटा माझ्या थोरल्या लेकीच्या गळ्यात गेली, आणि ती एकसारखी वाजते. मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात, अंगणात कोणीतरी चढावर मागे पडत असेल. त्याला ढुशी देण्याआधी एकदा त्याच्या तोंडाशी कान न्या. तो आळशी नसेल. त्याची हवा वेगळी असेल. आणि जो धापा न टाकता चढतो, त्याने फार मिरवू नये. त्यात त्याच्या आज्या-पणज्यांची मेहनत जास्त असते. आणि आम्हा डुकरांना नावे ठेवण्याआधी आमचे कानही जरा खाजवून पाहा.

काकी दर महिन्याला बहिणीकडे जाते आणि ती गोणी खाली नेऊन वर आणते. मागच्या खेपेला गोणी माझ्यापुढे टाकून ती बाजूला उभी राहिली. मी हुंगले. गोरीचा वास होता, आणि त्याच्याभोवती दुधाने माखलेले, कधीच न भेटलेले बारीक बारीक वास होते. मी एकेक वेगळा करत गेले. आठ, नऊ, दहा, अकरा. अकराच्या अकरा पिल्ले पोटभर प्यायलेली होती, आणि त्यांतल्या एकाचाही वास घाबरलेला नव्हता.